पाककृतीतली आच

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर इंग्लंडमधल्या माझ्या भाचीचे पत्र आले. पत्र म्हणजे हल्लीचे, फोनवर येणारे; पण लांबी जुन्या आंतर्देशीय पत्राची होती, कडेच्या मोकळ्या जागेतही लिहिल्यासारखी. तिच्या दोन मागण्या होत्या. तिच्या आजोबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, काळा रस्सा "नीट, प्रमाणासह" लिहून पाठवावा, ही पहिली. तिच्या सासूबाई थंडीत ओव्हनमध्ये बीफचा जो स्ट्यू करतात त्याची कृती तिने सोबत जोडली होती, ती मराठीत करून द्यावी, ही दुसरी. तिला आपल्या मुलीसाठी एक वही करायची होती. दोन्ही घरचे पदार्थ त्यात एकाच भाषेत यावेत असा तिचा हट्ट. "मावशी, तू जन्मभर मराठी शिकवलेस, तुला काय अवघड?" असे शेवटी होते.

मलाही ते काम अर्ध्या तासाचे वाटले. प्रत्यक्षात फराळ संपला, तुळशीचे लग्न झाले, संक्रांत आली, तरी ते दोन कागद धुळ्यातल्या माझ्या टेबलावर होते. त्या काळात मी जे वाचले आणि जे शिजवले, त्यातून पाकपुस्तकांच्या मराठी गद्याविषयी माझे काही मत झाले. आपल्याकडे कादंबरीवर लिहितात, नवकवितेवर लिहितात, नाटकाच्या तिसऱ्या अंकावर तर भांडणे होतात. पण ज्या पुस्तकाला हळदीचे डाग पडतात त्या पुस्तकाच्या भाषेकडे समीक्षक ढुंकून पाहत नाहीत. वास्तविक घरात सर्वांत जास्त वेळा उघडले जाणारे गद्य तेच.

प्रथम त्या इंग्रजी कृतीविषयी. ती एका घरगुती वहीतली असल्याने तिला वाङ्मयीन वगैरे ऐट नव्हती. गोमांस पायाच्या नळीच्या भागाचे घ्यावे. तुकडे काडेपेटीएवढे करावे. फडक्याने कोरडे करावे. पिठात घोळून, थोडे थोडे घेऊन, बाहेरून गडद तपकिरी होईपर्यंत परतावे. भांड्याच्या तळाला जे धरले असेल ते पाणी घालून खरवडून घ्यावे. घट्ट झाकण लावून १६० अंशांच्या ओव्हनमध्ये तीन तास ठेवावे. गाजरे शेवटच्या तासाला. एवढेच. पण या एवढ्याशा मजकुरात मी चार ठिकाणी अडले.

पहिली अडचण मांसाच्या तुकड्याची. आपली पुस्तके "अर्धा किलो मटण" म्हणून मोकळी होतात. कुठले मटण? मानेचे, सीन्याचे, की मांडीचे? खाटकाच्या दुकानात हा प्रश्न आपोआप येतो. तो सुरी हातात घेऊनच विचारतो, "रश्श्याला की सुक्क्याला?" आणि उत्तरावरून हात मानेकडे न्यायचा की रानेकडे हे ठरवतो. म्हणजे ज्ञान गावात आहे, शब्दही आहेत. ते छापखान्यापर्यंत पोहोचलेले नाहीत.

दुसरी अडचण कोरडे करण्याची. मांस धुवावे असे आपण सारे लिहितो, पुसावे असे कोणी लिहीत नाही. ज्युलिया चाइल्ड आणि तिच्या दोन फ्रेंच सहलेखिकांचे १९६१ साली निघालेले फ्रेंच पाकशास्त्रावरचे प्रसिद्ध पुस्तक आहे. त्यातल्या बर्गंडी पद्धतीच्या बीफच्या कृतीत मांस टिपून कोरडे करण्याची सूचना कारणासकट दिली आहे: ओले असेल तर त्याला रंग चढणार नाही. कारण देणे ही मला या गद्याची मोठी खूण वाटते. ओल्या तुकड्यावरचे पाणी उडून जाईपर्यंत त्याचे अंग शंभर अंशांच्या वर तापत नाही, आणि तपकिरी रंग व खमंगपणा त्याच्या बऱ्याच वर येतो. हे एकदा कळले की बाई कृतीची गुलाम राहत नाही.

उरलेल्या दोन अडचणी शब्दांच्या. स्ट्यूला रस्सा म्हणावे, की कालवण? आणि झाकून, थोड्या रसात, मंद शिजवण्याची जी क्रिया इंग्रजीत "ब्रेझ" म्हणतात तिला काय म्हणावे? कोशात पाहिले तर तो शब्द फ्रेंचमधून आलेला, आणि फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ निखारे. पूर्वी भांडे निखाऱ्यांवर ठेवून झाकणावरही निखारे पसरत. त्यांच्याकडे अजून एक ओतीव लोखंडाचे भांडे मिळते, "दूफू" नावाचे, म्हणजे मंद आच. त्याच्या झाकणाला वरून खळगा असतो. एके काळी त्यात निखारे घालत, आता गार पाणी किंवा बर्फ घालतात, म्हणजे आतली वाफ झाकणाला लागून पुन्हा रसात ठिबकते.

हे वाचले आणि मला आमच्या परसातली चूल दिसली.

आमच्या घरी मटण होत असे, पण घरात होत नसे. खानदेशातल्या पुष्कळ कुटुंबांत ही रीत होती: मांसाहार चालतो, पण स्वयंपाकघरातली चूल आणि भांडी त्याला लागू द्यायची नाहीत. परसात तीन दगडांची वेगळी चूल, वेगळे भगोणे, वेगळा डाव. शिजवणारे वडील. आई त्या बाजूला फिरकत नसे. मात्र मसाला वाटायला काकू बसायची. कांदा आणि सुके खोबरे निखाऱ्यात टाकून अंगाने काळे होईपर्यंत भाजायचे, मग धने, मिरी, लवंग, दालचिनी, खसखस, दगडफूल, सुक्या मिरच्या, लसूण यांच्याबरोबर पाट्यावर घ्यायचे. वडील मांसाला हळद, मीठ आणि आले-लसूण लावून शेंगदाण्याच्या तेलात परतीत आणि भगोण्यावर ताट झाकून ताटात पाणी ओतीत. झाकण तापले की ते पाणी कढत होई, लागेल तसे तेच रश्श्यात घालायचे. गार पाणी घातले तर मांस "आखडते" असे ते म्हणत. म्हणजे फ्रान्सच्या त्या खळग्याच्या झाकणाचे काम आमचे पितळी ताट करीत होते. ताटाला नाव नव्हते इतकेच. ताटावरच्या या पाण्याची युक्ती अनेक घरांत आहे. पण ती का करतात हे लिहिलेले मला फारसे आढळले नाही.

आता पुस्तकांकडे वळते. मराठीतले पहिले छापील पाकपुस्तक म्हणून रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या १८७५च्या 'सूपशास्त्रा'चे नाव घेतले जाते. त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' आले. लक्ष्मीबाई पाठारे प्रभू समाजातल्या. मुंबईच्या त्या समाजात मासळी-मटणाला संकोच नव्हता आणि इंग्रजी पदार्थांचे वावडेही नव्हते. त्यामुळे त्या पुस्तकात मोकळी हवा आहे. एक हजार कृतींचा तो संसार पाहिला की बाईने केवढे कष्ट घेतले असतील याने मन दबून जाते. पण वाक्य बहुधा एकाच साच्याचे: अमुक घालावे, तमुक घालावे, शिजवून उतरावे. 'उतरावे' कधी, हे वाचणारीला ठाऊक असणार असे लिहिणारीने धरलेले आहे. एकत्र कुटुंबात ते खरेही होते. पुस्तकाशेजारी सासू उभी असे.

ती सासू शेजारून गेली तेव्हा कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली, १९७० साली. लग्न होऊन दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात गेलेल्या मुलींना तिने वाटी आणि चमचा हातात दिला. तिच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या याचे मला नवल वाटत नाही. छटाक-शेराच्या जागी घरात असलेल्या वाटीने मोजायला शिकवणे ही गोष्ट साधी दिसते, पण तिच्यामागे वाचकाचे घर डोळ्यांसमोर असलेली लेखिका आहे. माझ्या संसाराची पहिली पुरणपोळी 'रुचिरा'तून झाली आणि ती चांगली झाली. तेव्हा पुढे जे म्हणते ते कृतज्ञता सोडून नव्हे.

वाटीने डाळ मोजता येते. आच मोजता येत नाही. वाटीचमच्याचे गद्य लोकप्रिय झाले आणि त्याची नक्कल करणारी पुस्तके निघाली, तसतसे आमच्या पाककृतींतले वजन जिन्नसांच्या यादीकडे सरकत गेले. वर वीस ओळींची यादी, खाली चार ओळींची कृती, आणि त्यात "शिजवून घ्यावे" हे एकच क्रियापद राबराब राबते आहे. मग कुकर आला आणि क्रियापदाच्या जागी शिट्ट्या आल्या.

याच भाषेत स्वयंपाकघरात बोलताना आपण किती शब्द वापरतो पाहा. वरण खदखदते, रस्सा रटरटतो, खीर आळते, बासुंदी आटते, लोणचे मुरते, भात निवळतो, फोडणी चरचरते, तेल सुटते, तर्री येते. भाजणी खमंग भाजायची असते आणि रवा बदामी. प्रत्येक शब्दात आच आणि वेळ दोन्ही आहेत. "रटरटते" म्हणताच बुडबुड्यांची जाडी आणि चुलीतल्या लाकडांची संख्यासुद्धा कळते. इंग्रज बाईला जिथे "१६० अंश, तीन तास" लिहावे लागते तिथे आमची आजी एका क्रियापदात काम भागवी. असे असून ही क्रियापदे छापील कृतीच्या उंबऱ्यावर चपला काढल्यासारखी बाहेर राहतात, याचे कारण काय?

मला एक कारण पुस्तकाबाहेर सापडले. बराच वेळ मंद शिजवावे लागते ते चिवट मांस. म्हाताऱ्या, राबलेल्या जनावराचे. त्याच्या स्नायूंना बांधून ठेवणारा तंतू सावकाश विरघळून रसाला दाटपणा देतो, हे शास्त्र झाले. पण असे मांस आपल्याकडे कोणाच्या वाट्याला येत होते? ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांच्या वाट्याला खासच नाही. दया पवार यांच्या 'बलुतं'त, १९७८ साली, पडलेल्या जनावराचे मांस आणि वाळवून ठेवलेल्या चान्या मराठी वाचकांच्या पानात पहिल्यांदा इतक्या थेट आल्या. ते आत्मकथन मी कॉलेजात वर्षानुवर्षे शिकवले. भाषा शिकवली, निवेदन शिकवले. १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले होते, हा संदर्भही देत असे.

शिकवताना मला एक गोष्ट कधी आठवली नाही, ती या दोन कागदांमुळे आठवली. धुळ्यात शाळेत असताना माझी एक मैत्रीण होती, पांझरेच्या काठच्या वस्तीतली. मधल्या सुटीत ती डबा उघडत नसे. डबा आणी, मांडीवर ठेवी, आणि भूक नाही म्हणे. आम्ही तिला आमच्यातली पोळी देत असू आणि स्वतःला फार चांगल्या मुली समजत असू. डब्यात काय आहे हे आम्ही विचारले नाही. विचारले असते तर तिने सांगितले नसते, हेही खरे. पण तिच्या आईने पहाटे उठून काही शिजवले होते, त्यालाही वेळ लागला होता, आच लागली होती, हात लागला होता. त्याची कृती मला कोणत्या पुस्तकात मिळणार होती?

ती शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या पुस्तकात मिळते. २०१५ साली ते मराठीत आले आणि २०२४ साली भूषण कोरगावकर यांच्या अनुवादाने इंग्रजीत गेले. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकाचे हे पुस्तक; त्यात गोमांस आहे, रक्ती आहे, चान्या आहेत, तेला-तुपावाचून होणारी कालवणे आहेत. जेवणाआधीच्या श्लोकातला आपला पाठ झालेला शब्द त्याच्या शीर्षकाने एका अक्षराने उलटवला आहे. मला या पुस्तकाशी सर्वत्र सहमत होता आले नाही. संतवाङ्मयाविषयीचा त्याचा सूर काही जागी घाईचा वाटला. पण पाककृतीचे गद्य म्हणून त्याच्याकडे पाहिले तर त्यात एक गोष्ट आहे जी वाटीचमच्याच्या पुस्तकांत हरवली होती: हा पदार्थ कोण, कोणत्या दिवशी, कोणत्या टंचाईत करीत होते, ते कृतीतच कळते. जे अन्न सोडण्यात स्वाभिमान होता, त्याची कृती लिहून ठेवण्यातही स्वाभिमान असू शकतो, असे धरून लिहिलेले हे मी वाचलेले पहिले मराठी पाकपुस्तक. खानदेशासाठी असे कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. आपली वांगी, कळण्याची भाकरी, शेवभाजी यांवर मात्र दर हिवाळ्यात कौतुकाचे लेख येतात. येवोत. भरिताच्या वांग्याशी माझे भांडण नाही.

एवढे वाचून झाल्यावर करून पाहिल्याशिवाय लिहिणे बरे दिसेना. महाराष्ट्रात १९७६च्या कायद्याने गाईच्या आणि २०१५च्या दुरुस्तीने बैल-वळूंच्याही कत्तलीला बंदी आहे. आणि बंदी नसती तरी माझ्या हातून ते झाले असते असे मी म्हणणार नाही. मी बोकडाचे मानेचे आणि नळीचे मटण आणले. आमच्या लहानपणी दिवाळीत नानकटाईचे पत्रे डोक्यावर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जावे लागे. फ्रान्समधल्या अल्सास प्रांतात बायका असेच मांसाचे भांडे कणकेने सील करून पाववाल्याच्या भट्टीत ठेवीत आणि त्या पदार्थाचे नावच "पाववाल्याची भट्टी" पडले. आता माझ्या ओट्यावर सुनेने घेतलेला ओव्हन आहे, तेव्हा ती तसदी नव्हती.

पहिल्या खेपेस मी सगळे तुकडे एकदम भांड्यात टाकले. त्यांना पाणी सुटले आणि मटण परतले जाण्याऐवजी राखाडी रंगात उकडले. "थोडे थोडे घेऊन" हे शब्द मी अनुवादात पाल्हाळ म्हणून गाळले होते! दुसऱ्या खेपेस ते परत घातले, कागदावरही आणि भांड्यातही. दोन तासांनी वीज गेली, ती तासाभराने आली. पण भांडे जाड आणि दार बंद, त्यामुळे ते आपल्या उबेवर शिजत राहिले. निघाले तेव्हा मटण काट्याने सुटत होते आणि रस चमच्याला धरत होता. चव चांगली होती. थोडी एकसुरी होती, हेही सांगून टाकते.

पुढच्या रविवारी त्याच मटणाचा काळा रस्सा केला आणि तेव्हा दोन कृतींमधला खरा फरक ध्यानात आला. त्यांच्या स्ट्यूत भाजण्याचा खमंगपणा मांसाच्या अंगावर असतो. म्हणून कोरडे करणे, थोडे थोडे परतणे, तळ खरवडणे. आमच्या रश्श्यात तो कांद्या-खोबऱ्याच्या अंगावर आहे. मांसाला आम्ही हळदीमिठात नुसते हलके परततो. काळे करतो ते मसाल्याला, आणि तोही थेट निखाऱ्यावर. त्यांची काळजी भांड्याच्या तळाशी, आमची पाट्यावर. "स्ट्यू म्हणजे त्यांचा रस्सा" असे मी वर्गात सहज सांगून गेले असते. ते चूक ठरले असते.

वडिलांची कृती लिहायला मी काकूंकडे गेले. त्या नव्वदीला आल्या आहेत. मी वही काढली आणि विचारले, "काकू, मीठ किती?"

"हातले समजस, माय."

"आणि शिजायला वेळ किती?"

"तेल वर उनं म्हणजे व्हयनं."

मी दोन्ही वाक्ये तशीच लिहून घेतली. घरी येऊन त्यांचे प्रमाण मराठीत रूपांतर करून पाहिले, मिनिटे घातली, चमचे घातले, आणि सगळे खोडले. भाचीला जो कागद गेला त्यात मसाल्याला वाट्या आहेत, मटणाला "मान आणि नळी" आहे, ताटातल्या पाण्याचे कारण आहे, कांदा "अंगाने काळा, आत मऊ" असे आहे. आणि मीठ व वेळ यांच्या जागी काकूंची दोन वाक्ये अहिराणीत आहेत. स्ट्यूच्या मराठी कागदावर मी नाव "स्ट्यू"च ठेवले, पण शेवटची ओळ अशी केली: रस रटरटू नये, एखादाच बुडबुडा यावा, तीन तास.

महिन्याभराने भाचीचा फोन आला. तिने रस्सा केला होता, ओव्हनमध्ये, आणि तिच्याकडे मिळते त्या बीफच्या नळीचा. घड्याळ लावून बसली होती. तेल वर यायला तीन तास दहा मिनिटे लागली. मुलगी दोनदा जेवली.

हे काकूंना सांगावे की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. आमच्या घरी पोळ्याला बैलांची पूजा काकूंनी सत्तर वर्षे केली आहे. शेवटी गेले आणि सांगितले की नातीने रस्सा केला, पण तीन तासांवर वेळ लागला.

"कसानं मटन?" काकूंनी विचारले.

मी सांगितले. त्या वाती वळत होत्या. ती वात पुरी झाली, दुसरी झाली. मग कापूस चिमटीत धरून त्या म्हणाल्या, "मंग येळ लागीच."